आधी वॉर्ड, मग शहर

नोंदणी झालेल्या नव्या परिचारिकेने पहिल्या नोकरीसाठी कुठे जावे? घराघरांत हा प्रश्न पगाराच्या आकड्यावर सुटतो. पण पहिल्या दोन वर्षांत काय शिकायला मिळाले आणि त्याचा कागद काय मिळाला, यावर पुढची तीस वर्षे ठरतात.

तीन वर्षांचे जीएनएम किंवा चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग संपते, महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र हातात पडते आणि घरात चर्चा सुरू होते. आईला वाटते, तालुक्याच्या गावीच कुठे तरी लागावे. वर्गातली मैत्रीण पुण्यात मुलाखत देऊन आलेली असते. ओळखीतला एखादा एजंट जर्मनीची स्वप्ने दाखवतो. बीड, नंदुरबार किंवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या बावीस वर्षांच्या मुलीला हे सगळे ऐकून घेऊन लवकर ठरवायचे असते, कारण शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. आता या पेशात मुलगेही येत आहेत. त्यांच्यापुढेही हाच पेच आहे.

या चर्चेत गावाचे नाव आणि महिन्याचा पगार एवढ्या दोनच गोष्टी मोजल्या जातात. कोणता वॉर्ड मिळणार, हे सहसा कुणी विचारत नाही.

खाटांचा हिशेब

एम्ससाठी होणाऱ्या ‘नॉरसेट’ या सामायिक परीक्षेचेच पाहा. नागपूरच्या एम्ससह देशभरातल्या एम्समधली नर्सिंग ऑफिसरची पदे तिच्यातून भरली जातात. वेतनश्रेणी सातव्या स्तराची, म्हणजे मूळ वेतनच ४४,९०० रुपयांपासून. बी.एस्सी. झालेल्यांना ही परीक्षा नोंदणीनंतर लगेच देता येते. जीएनएम झालेल्यांना मात्र किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये चार वर्षे जीव तोडून काम केलेली मुलगी इथे बाद ठरते. आपल्याकडची ग्रामीण रुग्णालये साधारण तीस खाटांची असतात, उपजिल्हा रुग्णालये पन्नास किंवा शंभर खाटांची. दोन्हीकडचे काम सारख्याच मोलाचे असले, तरी अर्ज भरताना ही वीस खाटांची तफावत निर्णायक ठरते. शिवाय वयाची सर्वसाधारण अट तीस वर्षांची. चुकीच्या जागी गेलेली दोन-तीन वर्षे मग भरून काढता येत नाहीत.

राज्य सरकारच्या रुग्णालयांत अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. ही भरती नियमित निघत नाही, म्हणून अनेक जणी राष्ट्रीय आरोग्य अभियानात अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर रुजू होतात. तिथे पगार कमी आणि नोकरी कायम होण्याची हमी नाही. तरीही काम सरकारी रुग्णालयातले असते आणि सोबत अभ्यास करता येतो. कायम भरतीची तयारी करणाऱ्या मुलीला ही वाट वर्ष-दोन वर्षांसाठी चालू शकते, पण किती काळ थांबायचे ते तिने पहिल्याच दिवशी ठरवलेले बरे.

मुंबई-पुण्याची ओढ

मोठ्या शहरातल्या मोठ्या खासगी रुग्णालयाचे आकर्षण स्वाभाविक आहे. व्हेंटिलेटर, डायलिसिस, हृदयशस्त्रक्रियेनंतरचा आयसीयू हे सारे तिथे रोज हाताळायला मिळते. नव्या मुलींना आधी प्रशिक्षण देऊन मगच वॉर्डात सोडणारी रुग्णालये मोठ्या शहरांत अधिक सापडतात.

पगाराचे चित्र मात्र तपासून घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधल्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी परिचारिकांच्या वेतनासाठी शिफारशी केल्या. पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार नको आणि दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार हवा, असे समितीने सांगितले. या केवळ शिफारशी राहिल्या आणि अनेक ठिकाणी त्या आजही पाळल्या जात नाहीत. मुलाखतीला जाताना हे माप मनाशी असावे.

शहरातल्या पगारातून खोलीभाडे, मेस आणि लोकलचा पास वजा करून मगच गावातल्या पगाराशी तुलना करावी. समजा, शहरात बावीस हजार मिळाले आणि राहण्याखाण्यात बारा हजार गेले, तर हातात दहा उरतात. घरी राहून चौदा हजार मिळवणारीच्या हाती कदाचित तेवढेच उरतील. मग शहरात जाण्याचे खरे कारण एकच राहते: तिथे मिळणारे शिक्षण. ते मिळणार नसेल, बारा तासांच्या पाळीत वीस पेशंट गळ्यात पडणार असतील, तर घर सोडून काय मिळवले?

पेशंटची संख्या हा इथला कळीचा मुद्दा आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण वॉर्डात अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी, तर आयसीयूत एका रुग्णामागे एक. प्रत्यक्षात हे प्रमाण क्वचितच दिसते. पण निकषापासून रुग्णालय किती दूर आहे, यावरून तिथे शिकायला उसंत मिळेल की नुसती धावपळ होईल, याचा अंदाज येतो.

लहान ठिकाणाचे बळ

धारणी, भामरागड, अक्कलकुवा ही नावे ऐकली की घरचे नको म्हणतात. काळजी खोटी नाही. पण दुर्गम भागातल्या रुग्णालयात नवी परिचारिका जे बघते, ते शहरातल्या एका विभागात अडकलेल्या मुलीला वर्षानुवर्षे दिसत नाही. अडलेले बाळंतपण, सर्पदंश, मलेरियाचा ताप, सिकलसेलचे दुखणे, कमी वजनाचे बाळ हे सारे एकाच आठवड्यात समोर येते. डॉक्टर पोहोचेपर्यंत रुग्णाला सांभाळायची जबाबदारी तिचीच असते, आणि त्यातून निर्णय घेण्याची सवय लागते. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या आरोग्यदूत स्त्रियांच्या हातून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेऊन बालमृत्यू कमी करून दाखवले. त्याचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. जिथे साधने कमी, तिथे शुश्रूषेचे मोल किती मोठे असते, हे या जिल्ह्याने जगाला दाखवले.

अट एकच. सोबत अनुभवी सिस्टर हवी. एकटीच्या भरवशावर प्रसूतिगृह सोपवणाऱ्या ठिकाणी पहिल्या वर्षी जाऊ नये. तिथे चूक झाली तर जीव रुग्णाचा जातो आणि ओझे तिला जन्मभर वाहावे लागते.

परदेशाची घाई

परदेशी जाण्यात गैर काहीच नाही. केरळच्या परिचारिकांनी या वाटेने हजारो घरे उभी केली. पण नोंदणीनंतर लगेच निघण्याची घाई महागात पडते. आखाती देशांतले बहुतेक मालक दोन वर्षांचा अनुभव मागतात, आणि ‘डेटाफ्लो’ या पडताळणीत प्रत्येक प्रमाणपत्र मूळ संस्थेकडून तपासले जाते. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणीसाठी आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण व संभाषणात सात आणि लेखनात साडेसहा गुण लागतात, शिवाय संगणकावरची आणि प्रात्यक्षिकाची अशा दोन परीक्षा. जर्मनीत बहुतेक राज्यांत परवान्यासाठी भाषेची ‘बी-टू’ पातळी गाठावी लागते. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून इथे जर्मन शिकण्याची चर्चा वाढली आहे.

एजंटाला एक प्रश्न स्पष्ट विचारावा: मी तिथे नोंदणीकृत परिचारिका म्हणून जाणार की मदतनीस म्हणून? नर्सिंग झालेल्या अनेक भारतीय मुली ब्रिटनमध्ये केअर वर्कर म्हणून गेल्या. जुलै २०२५ मध्ये त्या देशाने परदेशातून अशी भरती बंदच केली. जर्मनीचे ‘आउसबिल्डुंग’ म्हणजे तीन वर्षांचे नवे प्रशिक्षण. जिच्याकडे आधीच नोंदणी आहे, तिने आपल्या पदवीला मान्यता मिळवण्याचा मार्ग आधी तपासावा.

सौदी, कुवेत, कतार यांच्यासह अठरा देशांत परिचारिकांच्या भरतीवर २०१५ पासून परराष्ट्र मंत्रालयाचे विशेष नियंत्रण आहे. एजंट नोंदणीकृत आहे का, हे ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येते. कायद्याने त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरचा जीएसटी घेता येतो. २०१५ मध्ये केरळात सीबीआयने नोंदवलेल्या गुन्ह्यात, कुवेतच्या भरतीसाठी तेव्हा ठरलेल्या १९,५०० रुपयांच्या जागी साडेएकोणीस लाख उकळल्याचा आरोप होता. कर्ज काढून पाच-दहा लाख भरणाऱ्या प्रत्येक पालकाने हे लक्षात ठेवावे.

होकार देण्याआधी

मुलाखत ही रुग्णालयाचीही असते. हे प्रश्न निःसंकोच विचारावेत.

- पहिला वॉर्ड कोणता आणि किती दिवस अनुभवी सिस्टरसोबत काम करायला मिळेल?
- नाइट ड्युटीला एका परिचारिकेकडे किती पेशंट असतात? महिन्यात नाइट किती?
- नेमणूकपत्र, पगाराची स्लिप आणि सोडताना वॉर्ड व खाटांच्या उल्लेखासह अनुभवपत्र मिळेल का?
- बाँड आहे का? मूळ प्रमाणपत्रे जमा करून घेतात का? घेत असतील, तर तिथे जाऊ नये.
- हॉस्टेल किती लांब आहे, रात्री सोडायला गाडी असते का, कपडे बदलायची खोली कुठे आहे?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरहून मुंबईला आलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये केईएम रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलतानाच हल्ला झाला. पुढची ४२ वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि तिथल्या परिचारिकांनी त्यांना अखेरपर्यंत सांभाळले. सुरक्षित खोली मागणे हा कुणाचाही नखरा नाही.

राज्य बदलायचे असेल, मग ते शेजारचे गोवा किंवा कर्नाटक का असेना, तर आधी महाराष्ट्र परिषदेचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन तिथल्या परिषदेत नोंदणी करावी लागते. त्यात वेळ जातो, म्हणून राजीनामा देण्यापूर्वीच अर्ज करावा.

यातून क्रम साधा निघतो. जिथे शिकवणारी सिस्टर आहे, पेशंटचा भार पेलण्याजोगा आहे, कागद चोख मिळतात आणि रात्री सुरक्षित परतता येते, अशी जागा पहिल्या दोन वर्षांसाठी निवडावी, मग ती लातूरला असो वा लोअर परळला. पालकांनीही या दोन वर्षांत घरखर्चाची आणि लग्नाची घाई तिच्या डोक्यावर ठेवू नये. हाताला कसब आले आणि कागद नीट असले, की तिसऱ्या वर्षी एम्सची परीक्षा, जर्मन भाषेचा वर्ग किंवा आपल्याच जिल्ह्यातली सरकारी जागा यांतले हवे ते तिला स्वतः निवडता येईल.