लातूर पॅटर्नमध्ये न बसलेला विषय

लातूर पॅटर्न समजून घ्यायचा तर आधी त्यामागची श्रद्धा समजून घ्यावी लागते. हुशारी घेऊन कुणी जन्माला येत नाही, ती घासून घासून अंगी येते, ही ती श्रद्धा. पावसाचा भरवसा नाही, मोठे उद्योग नाहीत, घरात पुस्तकं नाहीत, अशा जिल्ह्यातल्या मास्तरांनी ठरवलं की आपली लेकरं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत न्यायची. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० सालचं. त्याच्या आणि दयानंद महाविद्यालयाच्या वर्गांत ही रीत घडत गेली. अकरावीची परीक्षा संपली की सुट्टीतच बारावीचा अभ्यासक्रम सुरू करायचा, तो लवकर संपवायचा आणि उरलेले महिने बोर्डाच्या धर्तीवर प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायच्या. चुकलं की पुन्हा, पुन्हा चुकलं की आणखी एकदा. ज्या घरांत आधी कुणी मॅट्रिकही झालं नव्हतं, त्या घरांत डॉक्टर झाले. शाहूचे संस्थापक प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे १९९४ साली नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांचा शिक्षणातला धागा असा जुना आहे. या पॅटर्नला घोकंपट्टी म्हणून नावं ठेवणं पुण्या-मुंबईत बसून सोपं असतं. मला त्यात गरिबाच्या लेकरावरचा विश्वास दिसतो, आणि तो फार मोलाचा वाटतो.

म्हणूनच एक गोष्ट मनाला लागते. गणित सरावानं येतं यावर ज्या मुलखाचा एवढा विश्वास, तिथं राग आवरणं, नापास झाल्यावर पुन्हा उभं राहणं, समोरच्याचं पुरतं ऐकून घेणं, ‘मला जमत नाही, मदत करा’ असं तोंडानं म्हणणं, हे मात्र स्वभावावर सोडून दिलं जातं. ‘तो पहिल्यापासूनच चिडका’, ‘ती घाबरटच, आईवर गेली’. फिजिक्समध्ये कच्च्या पोराला आपण ज्यादा तास लावतो. मनानं कच्च्या पोराला ‘टेन्शन घेऊ नको’ एवढं सांगून मोकळे होतो.

जगात या विषयाची, म्हणजे सामाजिक-भावनिक शिक्षणाची, बांधणी १९९० नंतर झाली. जागतिक आरोग्य संघटनेनं दहा जीवनकौशल्यांची यादी शाळांपुढे ठेवली. अमेरिकेत १९९४ साली ‘कॅसेल’ ही संस्था निघाली आणि तिनं पाच गोष्टी शिकवण्याजोग्या मानल्या: स्वतःला ओळखणं, स्वतःला सावरणं, दुसऱ्याच्या जागी जाऊन पाहणं, नाती सांभाळणं आणि विचार करून निर्णय घेणं. जोसेफ डर्लॅक आणि सहकाऱ्यांनी २०११ साली अशा २१३ उपक्रमांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन लाख सत्तर हजार मुलं होती. वागण्यात सुधारणा झालीच, शिवाय अभ्यासातली कामगिरीही ११ शततमकांनी वर गेली. यातला आपल्या कामाचा भाग पुढे आहे. जे उपक्रम क्रमानं पायऱ्या चढत गेले, मुलांकडून प्रत्यक्ष करून घेत राहिले, ज्यांना ठरावीक वेळ होता आणि नेमकं काय शिकवायचं ते ज्यांत ठरलेलं होतं, त्यांचा गुण आला. नुसत्या उपदेशाचा आला नाही. लातूरच्या कुठल्याही जुन्या मास्तरांना हे ऐकवलं तर ते म्हणतील, यात नवं काय, आम्ही हेच तर करत आलो.

मराठवाड्यात मनाचा हा प्रश्न परदेशी पुस्तकांच्या आधी, फार वाईट वाटेनं येऊन धडकला होता. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जनाहून लोक उशिरा घरी आलेले. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारी परिसर भूकंपानं हादरला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावंच्या गावं गेली. त्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. मदत आली, पत्रे आले, पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून घरं उभी राहिली. मनाचं काय झालं, याची नोंद त्या मानानं तुटपुंजी आहे. अमेरिकन जर्नल ऑफ सायकिॲट्रीत १९९६ साली एक छोटा अभ्यास छापून आला. नमुना लहान होता, पण तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांत निदान करण्याजोगा मानसिक त्रास आढळला: आघातानंतरचा ताण आणि नैराश्य. मोठ्या माणसांची ही गत, तर लेकरांनी काय सोसलं असेल?

त्या लेकरांसाठी दोन कामं झाली, ती मला या विषयाची खरी सुरुवात वाटतात. राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ सुरू केलं. पन्नालाल सुराणा यांनी तिथं वर्षानुवर्षं आयुष्य ओतलं. आणि भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त कुटुंबांतली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली; त्यांच्यासाठी वाघोलीला शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभं राहिलं. अशा मुलांना सकाळी सातला उठवून पाढे म्हणायला लावता येत नाही. छपराखाली झोपायला जे मूल भितं, त्याच्याजवळ आधी कुणीतरी बसावं लागतं. ‘सामाजिक-भावनिक शिक्षण’ हे नाव तेव्हा आपल्याकडे कुणाच्या तोंडी नव्हतं. काम मात्र तेच होतं, आणि ते वसतिगृहातल्या माणसांनी, स्वयंपाकघरातल्या बायांनी आणि शिक्षकांनी अनुभवातून शिकत केलं.

हेच मुथ्था पुढे २००९ साली आपल्या फाउंडेशनमार्फत बीड जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम घेऊन गेले. काही वर्षांनी राज्य शासनाशी करार झाला आणि हा कार्यक्रम महाराष्ट्रभरच्या जिल्हा परिषद शाळांत पोचला. भूकंपातली लेकरं सांभाळणाऱ्या माणसाला पुढं शाळेतल्या वागण्या-बोलण्याकडे वळावंसं वाटलं, याला मी योगायोग मानत नाही.

मूल्यवर्धनाचा वर्ग जवळून पाहावा असा असतो. पाया राज्यघटनेतल्या मूल्यांचा: न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता. पण फळ्यावर हे शब्द लिहून अर्थ पाठ करून घेतला जात नाही. गलका वाढला तर बाई डस्टर आपटत नाहीत, ‘गप्प बसा’ म्हणत नाहीत. त्या हात वर करतात. ज्याचं लक्ष जातं तो बोलणं थांबवून आपला हात वर करतो, त्याला पाहून शेजारचा. याला ‘शांतता संकेत’ म्हणतात. पहिले काही दिवस यात बराच वेळ जातो. नंतर वर्ग आपणहून निवतो. मग जोड्या पडतात आणि एखादा साधा प्रश्न येतो: मित्रानं न विचारता तुझी पेन्सिल घेतली तर तू काय करतोस? ‘मी त्याला हाणतो’ हे उत्तर ठरलेलं, आणि त्यावर वर्गाचं हसणंही ठरलेलं. चांगली शिक्षिका इथं रागावत नाही. ती विचारते, ‘हाणल्यावर पेन्सिल भेटली का?’ मग पोरगं विचारात पडतं. यातली सगळ्यात अवघड मागणी पुढे असते. प्रत्येकानं उठून आपलं नाही, जोडीदाराचं म्हणणं सांगायचं. इथं हुशार पोरंच जास्त अडखळतात, कारण त्यांनी ऐकलेलंच नसतं. अशी जोडी मुलगा-मुलगीची, गावातल्या आणि तांड्यावरच्या लेकराची पडते, तेव्हा घटनेतला ‘बंधुता’ हा शब्द इयत्ता तिसरीत पोचतो.

याउलट आपल्या शाळांची जुनी सवय भिंतीवर लिहिण्याची. परिपाठ, सुविचार, श्रमप्रतिष्ठेपासून वक्तशीरपणापर्यंत मूल्यांचा तक्ता. परिपाठाला मी वाईट म्हणणार नाही. पाचशे मुलं एका सुरात प्रार्थना म्हणतात तेव्हा काहीतरी जुळतंच. पण ‘संवेदनशीलता’ हा शब्द ज्या व्हरांड्यात रंगवलेला, त्याच व्हरांड्यात उशिरा आलेल्या पोराला अंगठे धरून उभं केलं जातं. पोरं भिंत वाचत नाहीत, मास्तर वाचतात.

अलीकडे शासनाकडून पुष्कळ काही आलं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सामाजिक-भावनिक शिक्षणाचा उल्लेख आहे. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून तयार करायचे आहेत. राज्यानं २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला. हेतू चांगलेच आहेत. अडचण अशी की प्रत्येक योजनेबरोबर एक लिंक, एक फोटो आणि एक एक्सेल येतं. दोन शिक्षकी शाळेत शनिवारचा आनंद घ्यायचा, की घेतल्याचा फोटो अपलोड करायचा, यात शिक्षकाची ओढाताण होते.

ब्रिटनमध्ये ‘मिरियड’ नावाचा मोठा प्रयोग झाला. ८४ शाळांतल्या आठ हजारांवर किशोरवयीनांपैकी सुमारे निम्म्यांना वर्गात सजगतेचं, म्हणजे माइंडफुलनेसचं, प्रशिक्षण देऊन पाहिलं. २०२२ साली निष्कर्ष आले: मुलांच्या मानसिक आरोग्यात, नेहमीच्या शिकवण्याच्या तुलनेत, फरक पडला नाही. बहुतेक मुलं घरी सरावच करत नव्हती. आनंददायी शनिवारच्या आखणीत ध्यान-प्राणायामाला जागा आहे, म्हणून हा निष्कर्ष आपण नीट वाचायला हवा. डोळे मिटून पाच मिनिटं बसवलं की पोरं शांत होतील, असं नसतं. डोळे उघडल्यावर वर्गात त्यांच्याशी कोण कसं बोलतं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

आता लातूरचा उद्योग भवन परिसर, किंवा नांदेडचे भाग्यनगर-श्यामनगर. इथली कोचिंगची दुनिया वेगळी. पॅटर्न आता बोर्डाचा राहिला नाही, वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’चा झाला. रूम, मेस, अभ्यासिका, रविवारची टेस्ट, संध्याकाळी रँक. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून पोरं-पोरी येतात; काही रिपीटर असतात. बापानं ज्वारी-सोयाबीनच्या भरवशावर फी भरलेली असते, आणि हे पोराला न सांगताही कळतं. रात्री घरून फोन येतो. आई विचारते, ‘डबा खाल्ला का?’ पाठोपाठ दुसरा प्रश्न: ‘टेस्टला किती आले?’ दोन्ही प्रश्न मायेचेच असतात. पण या दोहोंमध्ये तिसरं काही सांगायला जागाच उरत नाही: झोप लागत नाही, रूममेटशी बोलणं बंद आहे, घरी यावंसं वाटतं. पोरगं म्हणतं, ‘चांगले आले.’

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवल्याची नोंद आहे. त्यांत १,७६४ महाराष्ट्रातले. हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक. अशा प्रत्येक घटनेमागं अनेक कारणं गुंतलेली असतात, एकट्या परीक्षेवर बोट ठेवून चालत नाही. पण मदत मागायला शिकवलेलं नसणं, हे त्यांतलं एक कारण आहे आणि ते आपल्या हातातलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये विशाखापट्टणमच्या एका ‘नीट’ विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. गुणांवरून बॅचेस वेगळ्या पाडू नयेत. चारचौघांत पाणउतारा करू नये. शेवटचे दोन निर्देश लातूर-नांदेडच्या पालकांनी प्रवेश घेताना संस्थेसमोर मोठ्यानं वाचून दाखवावेत. निकालाचं होर्डिंग पाहून फी भरणाऱ्या बापाला ‘इथं समुपदेशक कोण, त्यांना भेटू द्या’ हे विचारायचा हक्क आहे. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक मराठीतही चालतो. तो मेसच्या दारावर लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

कोचिंगची चर्चा होते, कारण तिथं पैसा आहे. मुलींची चर्चा कमी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यात २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. लातूर आणि नांदेडचं प्रमाण याहून वर आहे. नववीतल्या मुलीला ‘मला अजून शिकायचंय’ हे वडिलांच्या डोळ्यांत पाहून म्हणता येणं, आणि तसं म्हणताना मागं बाई उभ्या असणं, हेसुद्धा याच विषयात मोडतं. शाळांतले मीना-राजू मंच जिथं नीट चालतात, तिथं पोरी हे वाक्य नाटकात आधी म्हणून पाहतात. नाटकात दहादा म्हटलेलं वाक्य घरात एकदा तरी तोंडातून निघतं.

आणि हंगाम. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुखेड, कंधार, लोहा भागातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीला ट्रॅक्टर निघतात. काही लेकरं आई-बापाबरोबर फडावर जातात, काही आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. जाणाऱ्या मुलाला शाळा शिक्षण हमी कार्ड देते, म्हणजे नव्या गावच्या शाळेनं त्याला त्याच इयत्तेत बसवून घ्यावं. कल्पना उत्तम आहे. या कार्डावर त्याची इयत्ता आणि अभ्यासाची प्रगती असते. त्याला कशाची भीती वाटते, तो कुणाजवळ बसला की बोलता होतो, घरात कोणती बोली बोलतो, हे त्याच्या वर्गशिक्षकाला ठाऊक असतं, पण कार्डासोबत ते जात नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या शाळेतल्या अनोळखी गुरुजींना पहिल्या दिवशी नेमकं तेच हवं असतं. कार्डावर तेवढ्या तीन ओळींची जागा करायला नवी योजना लागत नाही, निधी लागत नाही. लातूर आणि नांदेडच्या जिल्हा परिषदांनी मनावर घेतलं तर याच हंगामात करता येईल.