बॉनेट उघडा, झाकण नको!

पावसाळ्यातला रविवार. भुशी डॅमच्या रस्त्यावर तुमची गाडी अर्धा तास जागची हललेली नाही. बाहेर धुकं, आत भाजलेल्या कणसांचा वास, काचा बंद, एसी चालू. तेवढ्यात डॅशबोर्डवर टेम्परेचरचा लाल दिवा लागतो. गाडी कशीबशी कडेला घेता, बॉनेट वर होतं, वाफ बाहेर येते आणि ग्रुपमधला सगळ्यात उत्साही मित्र रुमाल गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाला हात घालतो.

त्याचा हात तिथेच धरा. अगदी ओढून बाजूला करा.

साधं पाणी शंभर डिग्रीला उकळतं हे शाळेत शिकलोय. रेडिएटरमध्ये मात्र कूलंट मिसळलेलं पाणी दाबाखाली कोंडलेलं असतं, त्यामुळे ते १२०च्या आसपास गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब एका क्षणात जातो आणि आतलं सगळं उसळून बाहेर येतं, थेट तोंडावर आणि हातांवर. गाडी स्वतः दुरुस्त करायला शिकायचंय ना? मग पाना हातात घेण्याआधी हे शिका. एसी बंद, इंजिन बंद, बॉनेट उघडं आणि किमान अर्धा-पाऊण तास गप्पा मारा. इंजिन गार झाल्यावरच बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत कूलंट भरा. काही गाड्यांत दाबाचं झाकण याच बाटलीवर असतं, म्हणून तिथेही घाई नको. कूलंट नसेल तर अडीअडचणीला पाणी चालतं. पण तापलेल्या इंजिनवर बाहेरून गार पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो.

आता खरा प्रश्न. तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत मस्त पळालेली गाडी एवढ्या गारव्यात तापली कशी? पळत्या गाडीच्या रेडिएटरला वारा फुकट मिळतो. जॅममध्ये सगळी भिस्त पंख्यावर. तो बंद पडलेला असेल तर हायवेवर कळतही नाही, भुशीच्या रांगेत मात्र पितळ उघडं पडतं.

हे घरच्या पार्किंगमध्येच तपासता येतं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू, एसी चालू. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात पंखा घुंऽऽ करून फिरायला लागतो. हात, ओढणी, जॅकेटची दोरी लांब ठेवा. पंखा फिरला नाही तर इंजिन बंद करून फ्यूज बॉक्स उघडा. कुठला फ्यूज कशाचा याचा नकाशा बहुधा झाकणाच्या आतच असतो. फ्यूजमधली तार तुटलेली दिसली तर तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवा. दहा-वीस रुपयांचं काम, आणि तुमची आयुष्यातली पहिली दुरुस्ती! नवाही लगेच उडाला तर तिथे थांबा, दोष पुढे कुठेतरी आहे. मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा लावायचा जुगाड करणाऱ्यांच्या गाड्या पेटतात. ते काम मिस्त्रीचं.

याच चढावर करपल्यासारखा वास आला तर तो बहुधा क्लचचा. अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरायची हौस सोडा, हँडब्रेक वापरा.

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना वेगळी परीक्षा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे महाभाग अजून आहेत. आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन जवळपास तोडूनच टाकतात, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतंच. म्हणजे पेट्रोलही जातं आणि इंजिनचा ब्रेकही. जुन्या ड्रायव्हरांचा नियम सोपा होता, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेक दाबला की तो तापतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि ओलावलेलं ऑइल लवकर उकळतं. मग त्यात बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. लोणावळ्यातल्या ओलाव्याबद्दल तुम्हाला वेगळं काय सांगायचं? साधारण दोन वर्षांनी ते बदलतात. तुम्ही बाटलीवरच्या खुणांमध्ये पातळी आहे का एवढं बघा, पण ब्रेक उघडून बसू नका. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं तरी ब्रेकला एकट्याने हात लावायचाच नाही.

या घाटात काळजी सगळेच घेत आलेत. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ला रेल्वे आली. आजही चढणाऱ्या रेल्वेगाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात आणि उतरणाऱ्या गाड्या ब्रेक तपासायला घाटात थांबतात. घाटाची वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराच्या देवळापाशी ड्रायव्हर नाणं टाकतात. तिथे थांबलातच तर चाकांजवळ नाक नेऊन बघा. करपट वास आला तर ब्रेक गार होऊ द्या.

बाकी शिकायचं कुठे? आधी डॅशबोर्डच्या कप्प्यात न उघडलेलं पुस्तक आहे, ते वाचा. मग कामशेत, वडगाव किंवा तळेगावच्या एखाद्या गॅरेजवाल्या काकांना विचारून एक सकाळ नुसतं उभं राहा. गर्दीच्या दिवशी नको, शिव्या खाल. सरळ हाच धंदा करायचा असेल तर दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा मेकॅनिक मोटर व्हेइकल हा ट्रेड आहे. आणि मुलींनो, गॅरेजमध्ये तुमच्याऐवजी सोबतच्या भावाला सगळं समजावून सांगतील. डिपस्टिक तुम्हीच ओढा.

स्टेपनी मात्र हायवेवर पहिल्यांदा बदलायला जाऊ नका. सपाट अंगणात एकदा बदलून बघा. आधी हँडब्रेक, समोरच्या चाकाला दगड, मग नट थोडे सैल आणि त्यानंतर जॅक. गाडी उचलल्यावर नट सैल करायला गेलात तर चाक नुसतं फिरतं आणि जॅक कलंडू शकतो. जॅकवरच्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, पडलेला मोबाइल काढायलासुद्धा.

पुढेमागे ऑइल घरी बदलाल, तेव्हा ते जुनं काळं ऑइल डब्यात भरून गॅरेजला द्या, गटारात नको. मावळातले बरेच ओढे इंद्रायणीला मिळतात, आणि खाली देहू-आळंदी आहे.