निवडून आलेल्या सरकारला वेसण कशाला?

कुंडल म्हटलं की इंग्रजांविरुद्धच्या भूमिगत लढ्यातलं प्रतिसरकार आठवतं. त्याच्या थोडंच आधी इथे सत्तेचा आणखी एक प्रयोग झाला, तो फारसा कुणाच्या ध्यानात नसतो. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1938च्या नोव्हेंबरात कारभार प्रजेच्या हाती देण्याचं जाहीर केलं. गांधीजींचा सल्ला आणि राजपुत्र आप्पासाहेब पंत व मूळचे पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची मेहनत यांतून तयार झालेली घटना 1939च्या जानेवारीत लागू झाली. गावोगाव निवडलेल्या पंचायती, मग तालुका, वर विधिमंडळ. म्हणजे घटना ही 1950 साली दिल्लीहून आली, हा समज या भागापुरता तरी खोटा. ‘राजा उदार होता, घटना नसती तरी काय बिघडलं असतं?’ असंही म्हणतात. उदारपणा वारसाहक्काने मिळत नाही. पुढचा राजा कसा निघेल, कुणी सांगावं? शिवाय या घटनेने औंधच्या राजाला बांधलं, व्हाइसरॉयला नाही. 1942मध्ये इंग्रज सरकारने देशभर कार्यकर्त्यांना खटला न चालवता डांबलं, तेव्हा त्याला जाब विचारण्याची ताकद औंधच्या कागदात नव्हती.

खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो वजनदार आहे: सरकार लोकांचंच असेल तर त्याला वेसण कशाला? क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारकडे कुठली घटना होती? तरी लोकन्यायालयांनी गुंडांना, सावकारांना वचक बसवला, बिनहुंड्याची साधी लग्नं लावली. पायांना पत्र्या ठोकायचे ही दंतकथाच. शिक्षा तळव्यांवर काठीच्या फटक्यांची असे. पण ते लढ्यातलं सरकार होतं. त्याचा वचक कार्यकर्त्यांच्या चारित्र्यावर उभा होता, आणि चुकीचा निवाडा झालाच तर दाद कुठे मागायची, हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं. भूमिगत लढ्यात हे चालून जातं. वर्षानुवर्षांच्या राज्यकारभारात मात्र चारित्र्याच्या भरवशावर लोकांची मानगूट कुणाच्या हाती देता येत नाही, मग तो निवडून आलेला का असेना.

याचा पुरावा स्वतंत्र भारतातच आहे. संसदेला घटना दुरुस्त करता येते, पण तिची मूळ चौकट मोडता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1973मध्ये केशवानंद भारती खटल्यात ठरवलं. तीन वर्षांनी, आणीबाणीत, त्याच न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं की बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येणार नाही. विरोधात होते एकटे न्या. एच. आर. खन्ना. सरकार निवडून आलेलंच होतं, घटनाही होती, तरी बांध फुटला. म्हणून घटना असली की झालं, हाही गैरसमजच. तो बांध पुन्हा घातला मतदारांनी सरकार बदलल्यावर: 1978च्या 44व्या दुरुस्तीनंतर जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या कलम 21ची अंमलबजावणी आणीबाणीतसुद्धा थांबवता येत नाही.