थंडीतील वराहपिल्ले आणि पिण्याचे पाणी

डिसेंबर-जानेवारीत निफाडसारख्या भागात पहाटेचे तापमान कधीकधी ५ अंशांच्याही खाली उतरते. अशा दिवसांत वराहपालक पिल्लांच्या निवाऱ्याची काळजी घेतो. त्यांच्या पिण्याच्या पाण्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

डुकराच्या शरीराचे तापमान सुमारे ३९ अंश सेल्सिअस असते. नवजात पिल्लाच्या अंगावरील केस विरळ आणि चरबी नाममात्र असल्याने त्यास सुमारे ३४ अंशांची ऊब लागते. वयाबरोबर ही गरज कमी होते. तथापि, दूध तुटताच मातेची ऊब व तिचे कोमट दूध एकदमच नाहीसे होते आणि पिल्लू सर्वस्वी पाण्यावर अवलंबून राहते.

दहा किलो वजनाचे पिल्लू दिवसाकाठी साधारणतः एक लिटर पाणी पिते. १० अंशांचे एवढे पाणी शरीराच्या तापमानास आणण्यासाठी २९ किलोकॅलरी उष्णता खर्च होते. ती नऊ-दहा ग्रॅम खुराकातून भरून निघते. म्हणजे ही हानी मोठी नव्हे. खरे नुकसान निराळे आहे. पाणी अतिथंड असल्यास पिल्लू ते कमी पिते. पाणी कमी पडले की खाणे घटते, मलावरोध होतो आणि वाढ खुंटते.

दुसरा धोका सांडलेल्या पाण्याचा. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी, म्हणजे वरील आकड्याच्या वीसपट उष्णता लागते. ओले झालेले पिल्लू तिचा बराचसा भाग स्वतःच्या शरीरातून देते. त्यामुळे पाण्याच्या तापमानाइतकीच जमीन कोरडी राखणेही महत्त्वाचे ठरते.

यावरील उपाय खर्चिक नाहीत. हिवाळ्यात सकाळी विहिरीचे पाणी कोमट लागते, हा सर्वांचा अनुभव आहे; कारण जमिनीखालील पाण्यावर ऋतुमानाचा परिणाम फारच थोडा होतो. उलट, उघड्या टाकीतील वा पत्र्याच्या भांड्यातील पाणी रात्रभरात गार पडते. म्हणून रात्रीचे शिळे पाणी ओतून देऊन सकाळी विहिरीचे किंवा हातपंपाचे ताजे पाणी द्यावे. ते थोडे थोडे, पण वारंवार द्यावे. भांडे उथळ, जड व न कलंडणारे असावे. ते पिल्लांच्या झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवावे आणि भिजलेले गवत लगेच बदलावे.

अनेक भूमिहीन कुटुंबांचा संसार एखाद्या मादीच्या पिल्लांवर उभा असतो. त्यांच्या दृष्टीने एका पिल्लाचे दगावणे हीही लहान हानी नव्हे. ग्रामसभेत वा शाळेत या साध्या गोष्टी समजावून दिल्यास ती टाळता येईल.