डिझेल इंजिनाची हवेची वाट

डिझेल इंजिनाला इंधनापेक्षा हवा कितीतरी जास्त लागते. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा गाड्यांतून भारतभर पसरलेले आणि पुण्याजवळ रांजणगावातही तयार झालेले 1248 सीसीचे इंजिन उदाहरणादाखल घेता येईल. मिनिटाला 2000 फेऱ्यांवर, टर्बोची भर न धरताही, ते मिनिटाला सुमारे 1250 लिटर हवा ओढते. तासाभरात ही हवा 75 घनमीटर होते. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या अडीच खोल्या भरतील एवढी. ती सगळी एकाच वाटेने आत जाते. आधी एअर फिल्टर, मग रबरी होस, टर्बो, इंटरकूलर, पुन्हा होस आणि शेवटी प्रत्येक सिलिंडरकडे फाटा देणारे इनटेक मॅनिफोल्ड. या वाटेत दोन दुखणी होतात: ती आतून तुंबते किंवा सांध्यांतून गळते. तुंबलेले डोळ्यांना दिसते, म्हणून सगळी मेहनत तिकडे जाते. गळणारा सांधा दिसत नाही आणि खरे नुकसान बहुतेक वेळा तोच करतो.

तुंबण्याचे मूळ ईजीआर व्हॉल्व्हमध्ये आहे. जळून बाहेर पडणाऱ्या वायूचा काही भाग हा व्हॉल्व्ह पुन्हा इंजिनात सोडतो. त्या वायूत ऑक्सिजन कमी असल्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजनची घातक ऑक्साइडे कमी तयार होतात. पण वायूबरोबर काजळीही येते. दुसऱ्या बाजूने, इंजिनाच्या पोटात साठणारी ऑइलची वाफ ब्रीदरच्या नळीतून याच वाटेवर सोडलेली असते. नुसती काजळी वाऱ्याबरोबर पुढे निघून गेली असती आणि नुसते ऑइल एक पातळ थर देऊन थांबले असते. दोन्ही एकत्र आले की त्यांचे डांबर होते. बहुतेक पेट्रोल गाड्यांत इंधन इनटेक व्हॉल्व्हच्या मागे फवारले जाते आणि त्याने तो भाग धुतला जातो. डिझेल मात्र थेट सिलिंडरमध्ये जाते, त्यामुळे मॅनिफोल्ड धुणारे कोणीच नसते.

उघडलेल्या मॅनिफोल्डमध्ये हा थर सगळीकडे सारखा नसतो. इंटरकूलरकडून येणाऱ्या तोंडाशी बोटाला काळे, पातळ ऑइल लागते. गरम वायू आणि थंड हवा जिथे भेटतात त्या जागी थर सर्वांत जाड, मऊ आणि चिकट असतो. नखाने ओढला तर चर पडतो. इनटेक व्हॉल्व्हच्या जवळ, इंजिनाच्या डोक्याच्या (सिलिंडर हेडच्या) उष्णतेत, तोच थर वाळून खापरीसारखा झालेला असतो. फार चाललेल्या गाडीत अंगठा जाईल एवढ्या वाटेतून कशीबशी करंगळी जाते. अशी गाडी ओढत नाही, ॲव्हरेज पडते आणि ॲक्सिलरेटर दाबला की मागे काळा धूर सोडते. ईजीआर कमी भारावर जास्त उघडा राहतो. म्हणूनच लांब पल्ल्याच्या गाडीपेक्षा रोज चार किलोमीटर गर्दीत रखडणारी गाडी लवकर तुंबते.

गळतीची लक्षणे सांधा कुठला आहे यावर ठरतात. टर्बोच्या पुढे, म्हणजे इंटरकूलर आणि मॅनिफोल्डच्या बाजूला, हवा दाबाखाली असते. तिथला सांधा सुटला तर मोजून घेतलेली हवा बाहेर पडते, इंधनाला ती पुरत नाही, घाटात शिट्टीसारखा आवाज येतो आणि होसच्या टोकाला ऑइलचा ओलावा दिसतो. त्रास होतो, पण तो लगेच कळतो. एअर फिल्टर आणि टर्बो यांच्यामध्ये मात्र हवा ओढली जात असते. तिथली फट काहीच आवाज न करता बाहेरची धूळ आत घेते, तीही फिल्टरला वळसा घालून. मातीतली सिलिका टर्बोची पाती झिजवते, मग पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत घासते. गाडी ऑइल खाऊ लागेपर्यंत मालकाला पत्ता लागत नाही. खडीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत हा एक सांधा बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा आहे.

साफसफाई घरी करण्यासारखी आहे. मात्र पहिल्या खेपेला त्यासाठी सलग काही दिवस मोकळे हवेत. गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल आणि नवे पॅकिंग हातात आल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नये. इंजिन पूर्ण थंड असावे आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली असावी. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो घेतला आणि बोल्ट कुठले ते पुठ्ठ्यावर भोके पाडून त्याच क्रमाने खोवून ठेवले, तर जोडणीच्या वेळी अर्धी डोकेदुखी वाचते. काही इंजिनांत मॅनिफोल्ड निघायला इंजेक्टरच्या लोखंडी नळ्या काढाव्या लागतात. चालू इंजिनात त्या नळ्यांतला दाब हजार बारच्या वर जातो, आणि त्यांत शिरलेला धुळीचा कण इंजेक्टर निकामी करतो. रचना अशी असेल तर काम अनुभवी मेकॅनिककडे देणे शहाणपणाचे.

होस आणि सेन्सर काढल्यावर ईजीआर व्हॉल्व्ह आणि मग मॅनिफोल्ड निघते. बोल्ट दोन्ही टोकांकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करीत आणायचे. मॅनिफोल्ड निघताच डोक्यावरच्या उघड्या तोंडांत स्वच्छ कापडाचे बोळे घालायचे आणि ते किती घातले हे लिहून ठेवायचे. सिलिंडरमध्ये पडलेला एक नट किंवा खापरीचा कडक तुकडा संपूर्ण इंजिन उघडायला लावतो. व्हॉल्व्हच्या तोंडातला थर काढायचाच असेल तर इंजिन हाताने फिरवून त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद करून घ्यावे लागतात आणि निघालेली खापरी व्हॅक्यूमने ओढून घ्यावी लागते. हाताला येईल तेवढेच करावे. खोल भाग वर्कशॉपसाठी ठेवावा.

ॲल्युमिनियमचे मॅनिफोल्ड रात्रभर रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवून ठेवले की थर सुटा होतो. मग लाकडी पट्टी, बाटल्या घासायचा ब्रश आणि चिंध्या पुरतात. लोखंडी पटाशी सांध्याच्या सपाट तोंडावर ओरखडा पाडते, आणि तोच ओरखडा पुढे गळतीची वाट होतो. कॉस्टिक सोड्याचा मोह टाळावा. तो काजळी काढतो हे खरे, पण ॲल्युमिनियमलाही खातो आणि त्या प्रक्रियेत हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू सुटतो. ज्योतीने आतला थर जाळण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. घराच्या अंगणात तिला जागा नाही. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डला कोणते द्रावण चालते हे मॅन्युअलमध्ये पाहूनच ठरवावे. हवा मोजणाऱ्या सेन्सरला तर कार्ब क्लीनर आणि बोट दोन्ही वर्ज्य. त्याची तार केसासारखी नाजूक असते आणि तिच्यासाठी वेगळा स्प्रे मिळतो. मोटरवर चालणारी झडपही बोटाने ढकलून उघडायची नसते. आतले प्लास्टिकचे दाते तुटतात.

हातमोजे आणि मास्क इथे शोभेचे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली डिझेलच्या धुराला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. वाळलेली काजळी खरवडताना तीच नाकाशी उडत असते. काळे झालेले रॉकेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. ते डब्यात भरून, जुने ऑइल रीतसर गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

धुतलेले मॅनिफोल्ड पूर्ण कोरडे होईपर्यंत बसवू नये. डिझेल इंजिनाला जळण्यासाठी ठिणगी लागत नाही. हवेबरोबर जे जळाऊ आत जाईल त्यावर ते धावते. कोपऱ्यात साचलेले रॉकेल किंवा इंटरकूलरच्या तळाशी जमलेले ऑइल एकदम ओढले गेले तर इंजिन पळत सुटते आणि चावी बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी हवेची वाट जाड फळीने बंद करणे, किंवा ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडणे, एवढेच उपाय उरतात. चालू डिझेल इंजिनाच्या हवेच्या वाटेत ज्वालाग्राही स्प्रे मारण्याची सवय याच कारणाने धोक्याची आहे. इंटरकूलर काढून उलटा टांगून निथळवावा आणि सगळे भाग एक दिवस हवेशीर जागी ठेवावेत.

यापुढचे काम सांध्यांचे, आणि इथे घाई नडते. दिवसभर खरवडून थकलेला माणूस संध्याकाळी दहा मिनिटांत सगळे आवळून टाकतो. त्यापेक्षा जोडणी भाग वाळल्यावर, ताज्या दमाने सकाळी करावी. आधी दोन्ही सपाट तोंडे जुन्या पॅकिंगच्या शेवटच्या कणापर्यंत साफ करायची आणि पोलादी पट्टी आडवी ठेवून खालून उजेड दिसतो का ते पाहायचे. ओल्या बोटाने तोंडावरून फिरवले की डोळ्यांना न दिसलेला कणही जाणवतो. पॅकिंग एकदा दबले की संपले. ते नवेच हवे, मग ते कागदी असो, पत्र्याचे असो की रबराचे. जुनी ओ-रिंग चिमटीत धरली तर एका बाजूने चपटी झालेली दिसते आणि दाबल्यावर पुन्हा गोल होत नाही. नवीला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्यावा, म्हणजे बसवताना ती मुरगळत नाही.

शेलॅक किंवा सिलिकॉन ट्यूब हे पॅकिंगला पर्याय नव्हेत. उत्पादकाने सांगितलेल्या जागीच, बारीक रेषेत लावायचे. जास्त लावलेले आत फुगते, त्याचा लोंबता तुकडा तुटून हवेबरोबर पुढे जातो. ईजीआरच्या गरम तोंडाला तर धातूचे पॅकिंगच टिकते.

बोल्ट आधी सगळे बोटांनी बसवून मग मध्यापासून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. सहा मिलिमीटर आट्याच्या बोल्टला साधारण 10 न्यूटन मीटर आणि आठ मिलिमीटरच्याला 20 ते 25 पुरतात. नेमका आकडा मॅन्युअलचा. ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात. लांब पान्याने अजून थोडे म्हणत ओढले की आटे जातात, आणि शंभर रुपयांच्या पॅकिंगचे काम हजारांत जाते. टॉर्क पाना भाड्याने किंवा ओळखीच्या गॅरेजमधून मिळाला तरी चालतो. होसच्या टोकांचे ऑइल पुसून ती कोरडी बसवावीत आणि क्लिप सांध्याच्या कडेवर नव्हे, कडेच्या मागे आवळावी. कडक पडलेला किंवा आतून भेगाळलेला होस नवी क्लिप लावून सुधारत नाही.

बोळे मोजून बाहेर काढले, बॅटरी जोडली आणि इंजिन चालू केले की पहिली काही मिनिटे थोडा धूर येतो; तो विरळ होत जायला हवा. बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटरला ईजीआरची नवी स्थिती स्कॅनर लावून शिकवावी लागते. टर्बोच्या पुढच्या सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडून इंजिन थोडे रेस केले की फट असलेल्या जागी बुडबुडे येतात. ओढीच्या बाजूला साबण कामाचा नाही, कारण तिथे हवा आत जाते. तिथे होस काढून टर्बोच्या तोंडाच्या आत पांढरे फडके फिरवावे. फिल्टर नवा असूनही फडक्यावर लाल माती आली, तर सांधा पुन्हा उघडायलाच हवा.

ईजीआर कायमचा पत्रा ठोकून बंद करण्याचा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. डिझेल गाडीच्या पीयूसी तपासणीत धुराचा दाटपणाच मोजला जात असल्याने अशी गाडी पास होतेही. पण न दिसणारी नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात, आणि ती त्याच रस्त्यावर चालणाऱ्यांच्या छातीत जातात. साफ केलेला ईजीआर आणि वेळेवर बदललेले, योग्य दर्जाचे ऑइल यांवर मॅनिफोल्ड बराच काळ मोकळे राहते. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर, इंजिन थंड असताना, होसच्या क्लिपा एकदा तपासायच्या. नवे रबर दबून बसलेले असते आणि क्लिप अर्धा आटा सैल पडलेली सापडते.