वेताच्या पेटीतून निघालेला प्रवास

वागळे इस्टेटीतील पासपोर्ट सेवा केंद्रात मुलाबाळांसह ताटकळत, बिनपगारी रजेवर वर्ष-सहा महिने देशोदेशी हिंडण्याचे मनसुबे रचणाऱ्या कुटुंबांनी, दाखले नि हलफनामे यांच्या तजविजीतून सवड काढून, पंडिता रमाबाईंचे बालपण अवश्य वाचावे.

१८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात जन्मलेल्या या कन्येला, अतिथिसत्कारापायी वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे वित्त संपुष्टात आल्यामुळे, काही महिन्यांची असतानाच वेताच्या पेटीत घालून डोंगराखाली आणले गेले; आणि तेव्हापासून क्षेत्रोक्षेत्री पुराणे सांगत, मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करणाऱ्या त्या परिवाराचे घर म्हणजे आई लक्ष्मीबाईंनी पहाटे दिलेला संस्कृतचा पाठ, एवढेच राहिले. या भटकंतीला रम्य म्हणणे मात्र अन्यायाचे होईल (हल्लीच्या प्रवासवर्णनांना तो मोह फार!), कारण १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील व थोरली बहीण एकामागून एक निवर्तली, आणि उरलेली दोघे भावंडे पायपीट करीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली.

घराचे मोल अशा रीतीने जाणलेल्या रमाबाईंनी निराश्रित स्त्रियांसाठी १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन काढले, व पुढे केडगावी मुक्ती सदन वसविले. केडगाव पुणे–दौंड लोहमार्गावर असून तेथील कार्य आजही चालू आहे.