सोफ्यावर कुणाची सही?

घरात नवा सोफा आला की शेजारचे बघायला येतात, सासरचे किंमत विचारतात आणि घरी कुत्रा असेल तर तो कोपरा हुंगून, पाय वर करून आपली सही ठोकतो. चार थेंब, बस्स! पण त्या चार थेंबांवरून केवढं महाभारत घडतं, ते ज्यांच्या घरी घडलंय त्यांनाच विचारा.

माझी एक मैत्रीण पवईला आयटीत आहे. तिचा बंड्या पाच वर्षांचा, रस्त्यावरून उचलून आणलेला, अस्सल देशी. पिल्लू असतानाच बाहेर जायची सवय लागली, मग कधी घर ओलं केलं नाही. डिसेंबरात हिचं लग्न झालं. नवरोबा बॅगा, बूट, गिटार आणि एका भल्यामोठ्या बीनबॅगसकट राहायला आले आणि बंड्या सुरू झाला. आधी बीनबॅग. मग लॅपटॉपची बॅग. मग पडद्याची खालची कड. आणि एका सकाळी थेट ऑफिसचे बूट! नवऱ्याला कुत्रे आवडतात, नाही असं नाही. पण ओल्या बुटांनी क्लायंटसमोर प्रेझेंटेशन द्यायचं म्हणजे...

गणपतीला दोन महिने होते तेव्हा तिचा फोन आला. "ऐक ना, हा म्हणतोय बंड्याला कर्जतला मित्राच्या शेतावर सोडू. सासूबाई येणारेत, घरात देव बसणार. काय करू गं मी?"

'शेतावर सोडू' हे ऐकायला किती छान वाटतं ना? मोकळी हवा, हिरवळ वगैरे. प्रत्यक्षात पाच वर्षं फ्लॅटमध्ये, पलंगाच्या पायथ्याशी झोपलेला कुत्रा तिथल्या कुत्र्यांच्या टोळीत जाऊन पडतो. पुढचं सांगायला नको.

पेट्सवर मी अधूनमधून लिहिते, त्यामुळे या विषयावर व्हेट आणि ट्रेनर मंडळींचं डोकं खाऊन झालंय. पहिला मुद्दा, शू आणि सही यांत फरक असतो. जमिनीवर मोठं तळं साचलं असेल तर कुत्र्याला दम निघाला नाही किंवा तब्येत बिघडली आहे. पण थोडंसंच, तेही उभ्या वस्तूवर, म्हणजे सोफा, दाराची चौकट, पडदा, बॅग अशा ठिकाणी, तर ते मार्किंग. 'हे माझं, इथे मी राहतो' हा मेसेज वासाच्या भाषेत. हे फक्त नरच करतात असंही नाही, माद्याही करतात. नवा माणूस, नवं बाळ, नवं फर्निचर, खाली फिरणारी माजावरची कुत्री, यातलं काहीही पुरतं. 'मुद्दाम करतो, खुन्नस काढतो' हा आपला लाडका समज आहे. खुन्नस वगैरे काही नाही. घरातला ओळखीचा वास बदललाय आणि तो अस्वस्थ झालाय, एवढंच.

तरीही आधी व्हेट. घर न बिघडवणारा मोठा कुत्रा अचानक हे सुरू करतो तेव्हा लघवीची तपासणी हवीच. मूत्रमार्गाचं इन्फेक्शन, मूतखडा, डायबेटिस, किडनीचा त्रास, काहीही असू शकतं. पाणी जास्त पितोय का, स्टेरॉइडची औषधं चालू आहेत का, हेही सांगा. बंड्याचे रिपोर्ट नॉर्मल आले. त्याची नसबंदी झालेली नव्हती, ती करून घेतली. बऱ्याच नरांमध्ये त्याने मार्किंग कमी होतं, पण सगळ्यांमध्ये नाही. आणि सवय मुरली असेल तर ऑपरेशन एकटं पुरत नाही.

आता खरा व्हिलन. फिनाईल!

आपल्याकडे शू दिसली की मावशी बादलीत फिनाईल ओततात, खसाखसा पुसतात, घर हॉस्पिटलसारखं दरवळतं आणि आपण खूश. बंड्याला मात्र त्या वासाच्या खालून स्वतःचा वास व्यवस्थित येत असतो. कुत्र्याच्या लघवीतले वासाचे घटक नुसत्या पाण्याने नीट निघत नाहीत. कापडात, लाकडाच्या फटीत ते बसून राहतात आणि हवा दमट झाली की पुन्हा वास सोडतात. मुंबईचा पावसाळा आणि दमट हवा, आता बोला! म्हणून पावसाळ्यात 'हा परत त्याच जागी करतो' ही तक्रार हमखास. अमोनियावाले क्लीनर तर नकोच, लघवीलाही तसलाच वास असतो. यावर उपाय म्हणजे पेट शॉपमध्ये किंवा ऑनलाइन मिळणारे एन्झाइम क्लीनर. डाग आधी टिपून घ्यायचा, मग ते भरपूर ओतायचं आणि बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ तसंच राहू द्यायचं. पुसायची घाई नको. त्याच्या आधी फिनाईल मारलं तर एन्झाइमचं काम बिघडू शकतं, हे मावशींना समजावणं हा सगळ्यात कठीण भाग. मैत्रिणीला अर्धा तास लागला. "बाई, वासच येत नाही, मग स्वच्छ कसं?" बरोबरच आहे त्यांचं.

जुने डाग शोधायला खोट्या नोटा ओळखायचा यूव्ही टॉर्च कामी येतो. रात्री दिवे बंद करून त्या दोघांनी हॉलभर टॉर्च फिरवला, तर माहीत असलेल्या चार डागांचे अकरा निघाले. गिटारची केससुद्धा!

पुढचे सहा आठवडे शिस्तीचे. घरी असताना बंड्याचा पट्टा तिच्या कमरेला, म्हणजे नजरेआड काही नाही. बाहेर जाताना तो बेडरूममध्ये. बूट, बॅगा कपाटात. पोटाला बांधायची, आत पॅड असलेली पट्टी मिळते, तीही घेतली. ती घर वाचवते, सवय मोडत नाही. आणि ओली पट्टी तशीच ठेवली तर कातडी चिघळते. पाय उचलताना दिसला की एक टाळी आणि लगेच खाली. खाली केलं की खाऊ. मारणं, नाक घासणं, दोन तासांनी ओरडणं यातून तो एवढंच शिकतो की तुमच्यासमोर करायचं नाही. मग दिवाणामागे करतो. जुन्या डागांच्या जागी त्याचं जेवणाचं भांडं ठेवलं, कारण जेवायच्या जागी शक्यतो कुत्रे घाण करत नाहीत.

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक मात्र नवऱ्याने पाडला. संध्याकाळचं जेवण आणि फिरवणं त्याच्याकडे दिलं. सुरुवातीला कुरकुरला. भर पावसात रेनकोट घालून, छत्री सांभाळत, प्रत्येक खांबाशी थांबायचं म्हणजे गंमत नाही. पण महिनाभरात त्याचा वास बंड्याच्या लेखी घरचा झाला. एवढं करूनही फरक पडला नाही, कुत्रा घाबरलेलाच राहिला, तर व्हेट अस्वस्थतेवरची औषधं देतात. ती मनाने सुरू करायची नाहीत.

गणपती आले, सासूबाई पाच दिवस राहिल्या. पाहुण्यांच्या वर्दळीत पट्टी लावलेली होती. "याची कंबर धरलीय का?" त्यांनी काळजीने विचारलं. मैत्रीण म्हणाली, "हो आई, थोडी." पट्टी पाचही दिवस कोरडी निघाली.

कर्जतचा विषय बंद झालाय. बीनबॅग मात्र गेली. आतल्या थर्माकोलच्या दाण्यांपर्यंत वास मुरला होता.